नोकरी दोघांची, मग ओढाताण तिचीच का?

तुम्ही विचारलंय, नवरा-बायको दोघंही नोकरीला असताना घर-ऑफिसची ओढाताण बाईचीच जास्त का होते, पुरुषाची होतच नाही का?

होते की. मी सरकारी कार्यालयात लिपिक, बायको बँकेत. घरकाम वाटून घेतलंय असं मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो: भांडी, बाजारहाट, सिलिंडर माझ्याकडे. मग ऐन मार्चमध्ये मुलीला कांजिण्या झाल्या. मार्चअखेर आम्हा दोघांनाही असतो, पण तिला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. मी किरकोळ रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी तो वाचून विचारलं, "का, मिसेस गावाला गेल्यात?"

साहेबांना तरी काय बोलणार! राज्य सरकारने 2018 साली 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली ती महिला कर्मचाऱ्यांना. पुरुषाला कधी? पत्नी नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे बायको धडधाकट आहे तोवर पोर तिचं. खासगीत आईला 26 आठवडे प्रसूती रजा आहे, बापाला कायद्याने एक दिवसही नाही.

तर मी तीन दिवस घरी राहिलो. पहिल्याच दिवशी बायकोला सहा फोन केले. थर्मामीटर कुठाय? मागच्या वेळचं सिरप कुठलं? डॉक्टर दुपारी किती वाजता बसतात? ती बिचारी काउंटरवर बसून घर चालवत होती आणि रजा माझी लागली होती.

2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांचा घरकामाचा वेळ दिवसाला 289 मिनिटं निघाला, पुरुषांचा 88. त्यातही मेख अशी, की ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची. इकडची काडी तिकडे न करणारे पुरुष त्यात धरलेलेच नाहीत. आणि आठवण ठेवण्याची मिनिटं कोण मोजणार?

ते काम तरी वाटून घ्यावं म्हणून शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मला घ्या, असा मेसेज मी टाकला. उत्तर आलं, "सर, हा फक्त मम्मींचा ग्रुप आहे." त्यामुळे आता तिथल्या सूचना बायको मला फॉरवर्ड करते. फॉरवर्ड करायचं लक्षात ठेवते अर्थात तीच.