वाचक विचारतात : बिस्मार्क, मोल्टके आणि तिसरा

प्रश्न : जर्मनी एक करणारे म्हणून मुत्सद्दी बिस्मार्क आणि सेनानी मोल्टके यांच्याबरोबर रोनचं नाव नेहमी घेतात. पण एकही गाजलेली लढाई त्याच्या नावावर नाही. मग तो या तिघांत कसा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शंका रास्त आहे. मी ३० वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि आल्ब्रेख्त फोन रोन मला भेटला तोही भूगोलातच. १८०३ साली प्रशिया या जर्मन राज्यातल्या पोमेरेनिया प्रांतात जन्मलेला हा अधिकारी तरुणपणी बर्लिनच्या कॅडेट शाळेत चक्क मास्तर होता. भूगोलतज्ज्ञ कार्ल रिटरच्या विचारांवर त्याने भूगोलाची पाठ्यपुस्तकं लिहिली. आमच्याच जातकुळीचा म्हणायचा!

१८५९च्या डिसेंबरात तो प्रशियाचा युद्धमंत्री झाला. त्याची खरी लढाई हजेरीपटावरची. दरवर्षी सुमारे ४०,००० पोरं भरती करायची, हा आकडा नेपोलियनच्या पाडावानंतर ठरलेला. दरम्यान लोकसंख्या एक कोटीवरून एक कोटी ऐंशी लाखांवर गेली, आकडा तिथेच. कागदावर सक्ती सगळ्यांना, प्रत्यक्षात हजारो धडधाकट तरुण घरी. आणि युद्धाची वेळ आली की ‘लांडवेअर’ या राखीव दलातल्या बायकापोरांच्या माणसांना हाक मारायची. रोनने भरती ६३,०००वर नेली, तीन वर्षांची नोकरी कायम ठेवली, लांडवेअरला मागच्या फळीत बसवलं.

१८६२ साली संसदेने पैसेच अडवले. दोन वर्षांच्या नोकरीवर तोड निघते का, हे रोनने चाचपून पाहिलं. राजा विल्हेल्म हटून बसला, वर गादी सोडण्याची भाषा करू लागला. १८ सप्टेंबरला रोनने तेव्हा पॅरिसला राजदूत असलेल्या बिस्मार्कला तार केली. अर्धी लॅटिन, अर्धी फ्रेंच : ‘उशिरात धोका. त्वरा करा.’ खाली स्वतःचं नाव नाही. ‘मॉरिस हेनिंगचा ओंक्ल’ एवढंच. (काका की मामा, फ्रेंचांना फरक पडत नाही.) हा मॉरिस बिस्मार्कचा जुना मित्र, त्यामुळे तार कोणाची ते बिस्मार्कला लगेच उमगलं. २३ तारखेला तो सरकारचा प्रमुख झाला. माझ्या मते रोनची सगळ्यात मोठी कामगिरी ही तारच. पुढची चार वर्षं मंजुरीविना खर्च चालला. १८६६ला ऑस्ट्रियाविरुद्ध क्योनिगग्रेट्झची लढाई जिंकल्यावर त्याच संसदेने त्यावर पांघरूण घातलं.

१३ जुलै १८७०ला एम्स गावाहून तार आली, राजाच्या फ्रेंच राजदूताशी झालेल्या बोलण्याची, तेव्हा बिस्मार्ककडे जेवायला मोल्टके आणि रोनच होते. आधी दोघांची जेवणावरची वासनाच उडाली; बिस्मार्कने मजकूर छाटून फ्रान्सला डिवचेल असा धारदार केला तशी पुन्हा भूक लागली, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

१८७३मध्ये रोन फील्डमार्शल झाला, काही महिने प्रशियाचा पंतप्रधानही. दमा होता, निभलं नाही. १८७९ला गेला.

आणि लढाईचंच म्हणाल, तर १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात सेदानच्या लढाईत त्याचा मुलगा बर्नहार्ट तोफखान्यात होता. तो परतला नाही.