ब्रेन ट्यूमर पूर्ण काढला तरी परत येतो, याला कॅन्सर स्टेम सेल्स जबाबदार असतात का? त्यांना मारणारं औषध आहे का?

बऱ्याच अंशी हो, पण जितकं सरळ करून सांगतात तितकं ते सरळ नाही. कॅन्सर स्टेम सेल्स म्हणजे ट्यूमरमधल्या अशा पेशी ज्या नवी गाठ उभी करू शकतात. मी ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरबद्दलच बोलतेय, माझी पीएचडी त्यातच गेली.

मुळात "पूर्ण काढला" म्हणजे एमआरआयवर दिसत होता तेवढा काढला. १९२८ मध्ये वॉल्टर डँडी नावाच्या अमेरिकन सर्जनने अशा पेशंट्सच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धा भाग काढून बघितला होता, तरी हा आजार काही आटोक्यात आला नाही, कारण पेशी आधीच लांबवर पांगलेल्या असतात. मग प्रश्न उरतो की मागे राहिलेल्यांपैकी नवी गाठ कोण उभी करतं. टोरांटोच्या शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांच्या ग्रुपने २००४ मध्ये दाखवलं की सीडी१३३ हा मार्कर (पेशीच्या पृष्ठभागावरचं ओळखखूण म्हणून वापरलं जाणारं प्रोटीन) असलेल्या फक्त १०० पेशी उंदराच्या मेंदूत टोचल्या तरी ट्यूमर होतो, आणि मार्कर नसलेल्या १ लाख टोचल्या तरी होत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने दाखवलं की रेडिएशनने डीएनए तुटला तरी या मार्करवाल्या पेशी तो इतरांपेक्षा चांगला दुरुस्त करून घेतात.

झालं, सगळ्या जगाला सीडी१३३ चं वेड लागलं. आमच्या लॅबलाही.

ओटीमधून सॅम्पल बर्फात यायचं, ते बहुतेक वेळा आपण बॅग भरून घरी निघालेलो असताना. रक्त धुवायचं, स्काल्पेलने बारीक चिरायचं, एन्झाइम घालायचं, गाळायचं, मग सीडी१३३ ला चिकटणारे मॅग्नेटिक बीड्स लावून कॉलममधून पॉझिटिव्ह, म्हणजे मार्कर असलेल्या, पेशी वेगळ्या; यालाच सॉर्टिंग म्हणतात. सीरम नसलेल्या मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) ईजीएफ, एफजीएफ हे वाढीचे घटक घालून ठेवल्या की काही दिवसांत त्यांचे छोटे गोळे तरंगायला लागतात, न्यूरोस्फिअर्स. आमचे एक सीनियर होते, त्यांचा हुकूम होता की निगेटिव्हची, म्हणजे मार्कर नसलेल्या पेशींची, ट्यूब सरळ डिस्कार्ड करायची, मीडिया काय फुकट येतो का. मी एक फ्लास्क इनक्युबेटरच्या मागच्या शेल्फवर ठेवून दिला. त्यातही गोळे आले, उशिरा आले पण आले. लॅब मीटिंगमध्ये दाखवले तर सगळ्यांसमोर "तुझं सॉर्टिंग गंडलंय". शंका रास्त होती, मान्य, पण परत सॉर्ट करून दाखवते म्हटलं तर कॉलम महाग पडतो म्हणे! जर्मनीतल्या एका ग्रुपने २००७ मध्येच निगेटिव्ह पेशींपासूनही ट्यूमर होतो असं छापलं होतं. तो पेपर प्रिंट काढून त्या सीनियरांच्या टेबलवर ठेवला, दुसऱ्या दिवशी त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आणि पान जसंच्या तसं.

माझं स्पष्ट मत आहे की स्टेम असणं ही पेशीची अवस्था आहे, कायमचा प्रकार नव्हे. आज निगेटिव्ह असलेली उद्या पॉझिटिव्ह होऊ शकते, म्हणून एका मार्करवर नेम धरणारं औषध एकट्याने पुरेल असं मला वाटत नाही, मार्करवाल्या मेल्या तरी बाकीच्यांतून पुन्हा तयार होतील. फक्त स्टेम सेल्स मारणारं औषध ग्लायोब्लास्टोमाच्या नेहमीच्या उपचारात नाही. जे आहे ते ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध. २००५ च्या ट्रायलमध्ये रेडिएशनला टेमोझोलोमाइड जोडल्यावर मीडियन सर्व्हायव्हल (निम्मे पेशंट्स जितका काळ जगतात तो) १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं. आणि स्टेम सेल थेरपीने ब्रेन ट्यूमर बरा करतो म्हणून कोणी पॅकेज देत असेल तर त्याच्या दारातही जाऊ नका.

हो, मी डॉक्टर नाही. मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) वगैरेचं गणित वेगळं, तो पूर्ण निघाला तर बऱ्याचदा परत येतही नाही, त्यामुळे आधी बायोप्सी रिपोर्टवर नाव काय आहे ते बघा. आणि माझे ते गोळे उंदरात कधी टोचलेच गेले नाहीत, डिशमधलं डिशमध्येच राहिलं, हेही धरून चाला.

तुम्ही स्टुडंट असाल आणि यात पीएचडी करायचा विचार असेल तर निगेटिव्ह ट्यूब कोणी कितीही ओरडलं तरी फेकू नका. एन्झाइम जास्त वेळ राहिलं तर पेशीवरचा मार्कर कापला जाऊ शकतो आणि पॉझिटिव्ह पेशी निगेटिव्ह दिसते, म्हणजे माझं सॉर्टिंग गंडलं असो वा नसो, ती ट्यूब ठेवायलाच हवी होती. हे मी त्या मीटिंगमध्येही सांगितलं होतं, मिनिट्समध्ये कोणी लिहिलं नाही.