झाकण उघडत नाही, हे सांगायचं कुणाला?

"कुकरचं झाकण उघडत नाही म्हणून कुणी समुपदेशकाकडं येतं होय, मॅडम?" हा प्रश्न मी आता इतक्यांदा ऐकलाय की लिहायचं ठरवलं. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांतून, खानापुरातून, निपाणीतून बायका येतात. निपाणीच्या दोघींची तर उमेदीची सगळी वर्षं विड्या वळण्यात गेलेली. तक्रार सुरू होते झोपेपासून, चिडचिडीपासून, सुनेशी पटत नाही इथपासून. थोडं बोलू दिलं की हातावर येऊन थांबते.

त्यातल्या एकीला सुमनबाई म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. वय साठीच्या आसपास, सून धारवाडकडची, कन्नड बोलणारी. मुलगा घेऊन आला होता. "आई हल्ली स्वयंपाकघरात कुणाला येऊच देत नाही," एवढंच त्याचं म्हणणं.

पहिल्या दिवशी मी पाण्याची बाटली पुढं केली. "तहान नाही," म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. तिसऱ्या भेटीत मी फोन घ्यायला बाहेर गेले आणि परत आले, तर बाटली गुडघ्यांत घट्ट धरलेली, टोपणाला पदर गुंडाळलेला, आणि दोन्ही तळव्यांनी ते फिरवायची धडपड चाललेली. मला बघताच बाटली खाली ठेवली.

मग हळूहळू बाहेर आलं. "कुकर मालक आल्यावर उघडतो. तोवर सांगतो, वाफ जिरू दे."

"आणि भाकरी?"

"ज्वारी सोसत नाही, पित्त होतंय म्हणून सांगितलंय घरात."

बेळगावातल्या घरात चार महिने भाकरी नाही, आणि कारण कुणालाच ठाऊक नाही!

पाचव्या भेटीत मी विचारलं, "सुनेला खरं सांगितलं तर ती काय म्हणेल?"

"म्हणेल, म्हातारी सोंग करायलीय."

उत्तर फार तयार होतं. म्हणून विचारलं, "हे वाक्य कुणाचं?"

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माझं," म्हणाल्या. "सासूबाईंच्या हातातनं ताकाची रवी सुटायची. मी मनात म्हणायचो, म्हातारी सोंग करायलीय. तोंडानं कधी बोललो नाही, पण मनात रोज. बोटं वाकली होती त्यांची, मॅडम. मी बघितलीच नाहीत."

त्या रडल्या आणि मी थांबले. चार भेटी मी वय, मानपान, सासू-सून या वाटांनी जात होते, पण गाठ इथं होती. सुनेच्या तोंडी त्या स्वतःचाच जुना निवाडा घालत होत्या. वर्षानुवर्षं हे काम केल्यावर एक कळतं: ज्या वाक्याची माणसाला सर्वांत जास्त भीती वाटते, ते बहुधा त्याने स्वतः कधीतरी, निदान मनात तरी, उच्चारलेलं असतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 साली मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचाराची मी माणूस. आपल्या दुःखामागं बहुधा 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट असतो, असं हा विचार सांगतो. त्यामुळे माझा कान नेहमी त्या 'च'वर असतो. 'भाकरी मला करता आली तर आवडेल' यात दुःख आहे, पण जगता येतं. 'मलाच करता आली पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाची' यात दार लावून घेणं आलं. आम्ही तो 'च' काढण्यावर दोन भेटी घालवल्या.

सुमनबाईंनी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "अत्ती, मला थापायला येत नाही. लाटून चालेल?" लाटलेली भाकरी! पहिले दोन दिवस त्यांना घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन शेजारी बसल्या आणि पिठाला पाणी किती कढत हवं ते सांगू लागल्या.

मात्र मनाचं काम डॉक्टरांच्या जागी येत नाही. सुमनबाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज निघाली. चिमटीत 1 किलोचा जोर लावला तरी त्या सांध्यावर सुमारे 12 किलोचा भार येतो, म्हणून टोपण फिरवताना कळ तिथंच उठते. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबलेली असू शकते. सकाळी तासभर बोटं आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर संधिवाताच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. 'वय झालं' म्हणून बसून राहू नका.

घरातही पुष्कळ करता येतं. बरणीच्या झाकणाला जाड रबर लावा, चमच्याच्या टोकानं कड जरा उचलून हवा आत जाऊ द्या. कढई, पातेलं दोन्ही हातांनी उचला. विळी, उलथनं, चमच्याच्या मुठीला कापड गुंडाळून जाड करा. कणीक भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवली की मळायला जोर कमी लागतो. कुकर मात्र वाफ पूर्ण उतरल्याशिवाय कुणीच जोर लावून उघडू नये.

आणि घरच्यांनो, "दे इकडं, तुला जमायचं नाही," असं म्हणत हातातलं हिसकावू नका. कुठलं काम राखायचं आणि कुठलं सोडायचं, हे तिला ठरवू द्या.

शेवटच्या भेटीत सुमनबाईंनी टेबलावरची बाटली उचलली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "एवढं टोपण काढून द्या, मॅडम. तहान लागलीय."