डिझाईन मण्याच्या भोकापासून सुरू होतं

प्रिय बेटा,

तू केलेल्या मण्यांच्या दागिन्यांचे सगळे फोटो पाहिले, झूम करकरून पाहिले. तू विचारलंस की मावशी, रंग मला जमतात, ओवताही येतं, पण माझं स्वतःचं असं डिझाईन सुचत नाही, पिंटरेस्ट उघडलं की सगळं आधीच कोणीतरी करून ठेवलेलं दिसतं, मग एखादा कोर्स करू का. कोर्स कर नं, काहीच हरकत नाही. पण त्याआधी मी जे सांगून राहिली ते नीट वाच, कारण तुझ्या फोटोंमध्ये मला जी अडचण दिसली ती रंगाची नाहीये. तू मण्याचं रूप पाहतेस, त्याचं भोक पाहत नाहीस. आणि आपल्या कामात डिझाईन भोकापासूनच सुरू होतं, तिथून धाग्यावर जातं, मग वजनावर, मग गळ्यावर, आणि रंग त्याच्याही नंतर येतो.

हातात नवीन मणी आला की पहिले तो उजेडासमोर धरून आरपार पाहायचा. भोक सरळ आहे की तिरपं, दोन्हीकडून सारखं आहे की एकीकडे अरुंद, आणि कड कशी आहे. टायर शेपचे जे चकचकीत क्रिस्टल तू भरपूर वापरतेस नं, त्यांच्या भोकाची कड धारदार असते, ती साध्या धाग्याला रोज थोडं थोडं कापते आणि एक दिवस हार लग्नाच्या मांडवात सुटतो. दगडाच्या मण्यांचंही तसंच. अशा मण्यांना गेअर वायर, म्हणजे प्लास्टिकचा लेप असलेली बारीक तार घे, किंवा दोन क्रिस्टलच्या मध्ये एक बारीक काचेचा मणी टाक, म्हणजे कडा एकमेकींवर घासत नाहीत. आणि तो बारीक मणी एकदा आला की तोच तुझ्या डिझाईनचा भाग होतो, हे लक्षात येतंय का तुला? गरजेपोटी टाकलेल्या मण्यानं हाराला लय येते. आपल्या काळ्या पोतीत काळ्या मण्यांमध्ये ठराविक अंतरानं सोन्याचा मणी येतो, तसाच तुझा तो छोटा मणी डोळ्याला मध्ये मध्ये थांबवतो.

आता तो निळा पाच पदरी हार. मेहनत दिसते, पण फोटोतच कळतं की तो गळ्यावर पडत नाही, उभा राहतो. दोन कारणं आहेत. एक म्हणजे तू तो तंगूसात, त्या पारदर्शक प्लास्टिकच्या दोरीत ओवला. तंगूस स्वस्त आहे, सुई लागत नाही, शिकताना बरा आहे, पण त्याला रिळाचा गोलपणा लक्षात राहतो, गाठ सरकते, आणि ऊन खाऊन तो कडक होतो अन तुटतो, आणि आपल्याकडचं ऊन म्हणजे तुला काय सांगायचं. विकायच्या दागिन्यात मी तंगूस वापरत नाही आणि तूही वापरू नको. मोत्यांना रेशमी नाहीतर चांगला नायलॉनचा वळलेला धागा घे, मेणावरून एकदा ओढून घे म्हणजे पीळ सुटत नाही. जड दगडांना गेअर वायर आणि गेअर लॉक, म्हणजे तारेचं टोक पकडून ठेवणारा दाबायचा बारीक धातूचा मणी, आणि लॉक दाबताना पक्कड पूर्ण जोर लावून चेपायची नाही, दाबल्यावर हळूच ओढून पाहायचं.

दुसरं कारण, पाचही पदर तू सारख्या लांबीचे केले. सारखे पदर एकमेकांवर चढतातच. समोर दोन पदरांमध्ये ८ मिलीमीटर अंतर दिसायला पाहिजे असेल तर खालचा पदर वरच्यापेक्षा साधारण एक इंचानं मोठा लागतो, कारण पुढचा भाग अर्धवर्तुळाचा असतो, शाळेतलं ३.१४ इथे कामी येतं. ब्रेसलेटचंही हेच गणित. मणी जाड झाला की आतली जागा कमी होते, म्हणून साडेसहा इंचाच्या मनगटाला ४ मिलीमीटरच्या मण्यांचं ब्रेसलेट ७ इंचात बसतं आणि १० मिलीमीटरच्या मण्यांचं पावणेआठ इंच करावं लागतं. ताईनं मागितलेलं ब्रेसलेट तिला घट्ट झालं म्हणालीस, ते यामुळेच, तिचं मनगट जाड नाहीये!

वजनाचं तर कोणी बोलतच नाही, पण हे भल्लं महत्त्वाचं आहे. १० मिलीमीटरचा एक गोल ॲगेटचा, म्हणजे अकीकाचा मणी साधारण १.३-१.४ ग्रॅमचा असतो, २० इंची माळेत असे पन्नास मणी येतात, म्हणजे ६५-७० ग्रॅम मानेवर. फोटोत तो हार राजेशाही दिसेल पण जी बाई तो घालून चार तास रिसेप्शनला उभी राहील तिची मान काय म्हणेल. मग काय करायचं, पुढे दगड ठेवायचे आणि मानेमागचा भाग लाकडी मण्यांचा, चेनचा किंवा दोरीचा करायचा, वजनही कमी होतं अन पैसेही वाचतात. कानातल्यांना तर किचनचा डिजिटल काटा घेऊनच बस, एका कानाला ८-१० ग्रॅमच्या वर गेलं की कानाची पाळी ओढली जाते, मग ते कितीही सुंदर असो, डब्यातच राहतं.

जुने दागिने पाहा, हे मी प्रत्येकीला सांगते. घरात आजीची ठुशी असेल, कोणाकडे चिंचपेटी, बोरमाळ, तनमणी असेल, तर फोटो काढू नको, हातात घे आणि उलटा करून पाहा. ठुशीला मागे गोंडा का असतो? सरकणारी गाठ आहे ती, त्यामुळे एकच ठुशी सासूच्या आणि सुनेच्या दोघींच्या गळ्यात बसते. चिंचपेटी छोट्या छोट्या पेट्या जोडून केलेली असते म्हणून ती गळ्याच्या गोलाईवर वळते, एका सलग कडक पट्टीला ते जमलं नसतं. तनमण्यात सगळा भार मधल्या पदकावर, म्हणजे खोडावर असतो आणि मोत्यांचे सर त्याला दोन्हीकडून तोलून धरतात. हे सगळे इंजिनिअरिंगचे प्रश्न कोणीतरी कधीच सोडवून ठेवलेत, तुला फक्त पाहायचं आहे. आणि आपल्या नागपुरात इतवारीत सराफ्याच्या आसपास पोत गाठवून देणारे पटवेकरी असतात, त्यांच्याजवळ एखादं मंगळसूत्र गाठवायला घेऊन जा आणि तिथेच बसून राहा, दुकानात ठेवून परत येऊ नको. धागा पायाच्या अंगठ्याला अडकवून ते कसा ताण धरतात, गाठ मण्याला चिकटेपर्यंत कशी नेतात, हे कुठल्याच व्हिडीओत तितकं दिसत नाही. त्यांच्याशी दादा-काका म्हणून आदरानं बोल, काम चालू असताना प्रश्न विचारू नको, चहाच्या वेळेला विचार.

मोत्यांमध्ये प्रत्येक मोत्यानंतर गाठ घालायचीच. कंटाळवाणं काम आहे, माहितीये मला, पण गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि धागा तुटलाच तर एकच मोती जातो, सगळा हार फरशीवर सांडत नाही. शिवाय गाठींमुळे माळ मऊ पडते. मोती विकलास तर गिऱ्हाइकाला सांग की परफ्यूम पहिले, मोती नंतर, आणि काढल्यावर मऊ कपड्यानं घाम पुसून ठेवायचे, रोज घालत असतील तर दोनेक वर्षांनी धागा बदलून घ्यायचा. तू स्वतःच बदलून देईन म्हण. त्याचे थोडे पैसे घे, पण दे.

भोकावर इतकं का बोलून राहिली त्याचं अजून एक कारण आहे. आपल्या नागपूरपासून काटोल रोडनं पंधराएक किलोमीटरवर माहुरझरी आहे, कधी गेली का? तिथे महापाषाणकाळातली शिळावर्तुळं आहेत, १९७० ते ७२ मध्ये उत्खनन झालं, आणि ती जागा ओळखली जाते ती मण्यांसाठी. अकीक, कार्नेलियन म्हणजे लाल अकीक, जास्पर, स्फटिक असे दगड तिथे घडवले जायचे, अर्धवट घडवलेले मणीसुद्धा सापडलेत, म्हणजे तिथे कारखानाच होता. आपला भाग दख्खनच्या लाव्हाच्या पूर्वेकडच्या काठावर आहे आणि त्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांमध्ये अकीक तयार होतो, म्हणून इथे हा धंदा उभा राहिला. इतक्या कठीण दगडाला दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणायचं आणि ते मध्ये बरोबर जुळवायचं, विजेशिवाय! जाशील तेव्हा तिथून काही उचलून आणू नको, तो पुरातत्त्वाचा ठेवा आहे, फक्त पाहून ये. तू जे करतेस ते या मातीत फार जुनं आहे आणि तुला ते माहीत असायला पाहिजे. गुजरातेत खंबातला हे काम अजून चालतं, तिथले कारागीर अकीक भट्टीत तापवतात, त्यानं दगडातलं लोह लाल होतं आणि तो केशरी-लाल रंग येतो.

माल घेताना घाई नको. काचेचा मणी गालाला लावला की थंड लागतो, प्लास्टिक लागत नाही, आणि दोन मणी एकमेकांवर टिचकले की आवाजातच फरक कळतो. फिरोजा म्हणून जो स्वस्तात मिळतो तो बहुतेकदा हाऊलाइट नावाचा रंगवलेला पांढरा दगड असतो. त्यात वाईट काही नाही, पण विकताना फिरोजा म्हणून विकू नको. रंगवलेला वाटला तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कुर्त्यावर रंग उतरण्यापेक्षा तुझ्या फडक्यावर उतरलेला बरा. बारीक मण्यांमध्ये नंबर मोठा तितका मणी लहान, ११/० म्हणजे साधारण २ मिलीमीटर, ८/० म्हणजे ३, आणि ६/० म्हणजे ४. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे काचेचे मणी स्वस्त आणि छान रंगाचे असतात पण लहानमोठे निघतात, ओवायला उत्तम, विणायला त्रास. विणकामाला जपानी घे, मियुकी किंवा तोहो, महाग आहेत पण एकसारखे असतात, म्हणून विणलेली पट्टी वाकडी होत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नावर येते, सुचत नाही म्हणतेस ते. तू पिंटरेस्टवर शोधून राहिली म्हणून सुचत नाही. तुझ्या घरी आईची करवत काठी साडी आहे, विदर्भातली, टसरची. तिची किनार पाहिलीस का कधी नीट? करवतीच्या दातांसारखे त्रिकोण एकामागे एक. आता ब्रिक स्टिचमध्ये, म्हणजे विटा रचल्यासारखे मणी सुईनं विणतात त्यात, प्रत्येक ओळीत एक मणी कमी होत जातो, म्हणजे त्रिकोण आपोआपच तयार होतो. चौकटीच्या वहीवर ती किनार काढ, तळाला ९ मणी घे, मग ८, मग ७, टोकाला एक येईपर्यंत. असे त्रिकोण ओळीनं जोडले की गळ्यालगतची पट्टी झाली, जोड सैल ठेव म्हणजे ती चिंचपेटीसारखी वळेल. टसरचा स्वतःचा तो मधासारखा रंग, त्यावर मरून किंवा काळे दात, आणि खाली एकच कार्नेलियनचा थेंब. हे कोणी आधी केलं नसेलच असं नाही, पण तू केलंस तर ते तुझ्या आईच्या साडीवरून आलेलं असेल आणि पाहणाऱ्याला ते कळतं. रंग जुळवताना ट्यूबलाइटखाली बसू नको, सकाळी गच्चीवर किंवा खिडकीत बस.

धातूच्या वस्तूंवर, म्हणजे हूक, जम्प रिंग (जोडायच्या बारीक कड्या), लॉक, यांवर काटकसर करू नको. मे महिन्यात घामानं स्वस्त पॉलिश आठवडाभरात काळं पडतं आणि कितीतरी बायकांना निकेलनं कानाला खाज सुटते, तेव्हा निकेल नसलेले हूक मागून घे. कूलरच्या खोलीत तयार माल उघडा ठेवू नको, त्या दमट हवेत पितळ अन चांदी दोन्ही काळवंडतात, झिपच्या पिशवीत ठेव.

किमतीचं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मेसेजमध्ये वाचलं की तो निळा हार तू ३०० ला दिला. समज माल २४० चा लागला, तीन तास बसलीस, तासाचे १०० रुपये तरी धर, पॅकिंग २०, म्हणजे ५६० तर खर्चच झाला, त्यावर तुटलेले मणी अन प्रदर्शनाच्या स्टॉलचं भाडं वेगळं. साडेसहाशे-सातशेच्या खाली तो जायलाच नको. नात्यातल्या बायका म्हणतील की सीताबर्डीच्या बाजारात शंभराला मिळते अशी माळ, तर मिळते, घेऊ दे त्यांना. तू स्वस्त दिलंस की फक्त तुझंच नुकसान होत नाही, हेच काम करून घर चालवणाऱ्या बाकीच्या बायकांचाही भाव पडतो, आणि हे मला मनापासून लागतं म्हणून इतकं स्पष्ट लिहिते. हिवाळ्यात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा क्राफ्ट मेळा भरतो, तिथे दुसऱ्या राज्यांतून आलेले कारागीर आपल्या कामाची किंमत कशी सांगतात ते ऐकत फिर, खाली मान घालून सांगत नाहीत ते.

तर आता असं कर, तो निळा हार परत मागवता आला तर मागव, नाहीतर तसाच दुसरा कर, पण तीनच पदरांचा, एकेक इंचानं वाढवत, नायलॉनच्या धाग्यात, मागे गोंडा लावून. झाल्यावर मला समोरचा फोटो नको पाठवू. उलटा करून पाठव, गाठी दिसल्या पाहिजेत, आणि काट्यावर ठेवून वजन लिहून पाठव. मेण आणि बारीक सुया माझ्याकडे जास्तीच्या आहेत, बर्डीकडे आलीस की घरून घेऊन जा, येण्याआधी फोन कर फक्त.

तुझी,
मावशी