इन्सुलिनचे युनिट कमी झाले, म्हणजे मधुमेह बरा झाला का?

प्रश्न : माझं वय २३. दोन महिन्यांपूर्वी सारखी तहान, रात्रीतून चार-पाचदा लघवी आणि झपाट्याने उतरलेलं वजन, म्हणून तपासणी केली. शुगर ४१२ निघाली, टाइप १ मधुमेहाचं निदान झालं. सुरुवातीला दिवसाला ३६ युनिट इन्सुलिन लागायचं, आता १४ पुरतं आणि तरी शुगर कधी ६५ पर्यंत उतरते. घरचे म्हणतात, 'बंद करून बघ, नाहीतर सवय लागेल.' मलाही तसंच वाटू लागलंय. शिवाय दूरचं धूसर दिसतं. चष्मा करू का? आणि माझं नेमकं चुकलं काय, हे डोक्यातून जात नाही.

उत्तर : इन्सुलिन बंद करू नका, एक दिवसही नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुमचं काही चुकलेलं नाही. टाइप १ गोड खाण्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. निदान होतं तेव्हा थोड्या पेशी शिल्लक असतात, पण वाढलेल्या शुगरमुळे त्याही मलूल पडलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना उसंत मिळते आणि त्या पुन्हा काम करू लागतात. म्हणून तुमचे युनिट घटले. याला 'हनिमून काळ' म्हणतात. तो काही आठवडे टिकतो, काहींना वर्षभर किंवा त्याहूनही जास्त. मग गरज पुन्हा वाढते. ती वाढेल तेव्हा 'माझं पथ्य चुकलं' असं मनाला लावून घेऊ नका, आजाराची चालच तशी आहे.

इन्सुलिनची 'सवय' लागत नाही. ते शरीराला लागतंच, तुमचं शरीर पुरेसं बनवत नाही एवढंच. ते पूर्ण थांबलं तर शरीर चरबी जाळायला घेतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात आणि एखाद्या दिवसात प्रकृती गंभीर होऊ शकते. मळमळ, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, श्वासाला फळासारखा वास, ही त्याची लक्षणं. उलट्या होऊन जेवण जात नसेल तरी दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन बंद करायचं नसतं. कीटोन तपासा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. कीटोन रक्तात लिटरला ३ मिलिमोल किंवा त्याहून जास्त असतील, तर थेट रुग्णालय गाठा.

मात्र ६५ येतंय म्हणजे डोस कमी करायला हवा, हे खरं. तीन-चार दिवसांचे आकडे, वेळ, युनिट आणि जेवण एकत्र लिहून डॉक्टरांना आजच कळवा.

शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी : चहाचे सपाट चार चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा दीडशे मिली फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. अवघड जातात ती हीच १५ मिनिटं. हात थरथरत असतात, घाम फुटलेला असतो, समोर दिसेल ते खावंसं वाटतं. तसं खाल्लं की दोन तासांत शुगर २८० होते, मग ती उतरवायला जास्तीचं इन्सुलिन आणि पुन्हा शुगर खाली. म्हणून साखरेच्या मोजून केलेल्या पुड्या खिशात आणि उशाशी ठेवा. घरच्यांना एक गोष्ट पक्की सांगा : शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन (शुगर चढवणारं औषध) असेल तर द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

चष्म्याची घाई नको. शुगर वर-खाली होताना डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि सोडतं, त्याने नंबर बदलत राहतो. शुगर स्थिरावली की सहा-आठ आठवड्यांत बहुधा दृष्टी मूळपदावर येते. एका डोळ्याला अचानक कमी दिसलं किंवा काळे ठिपके तरळले, तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न : निदानाला आठ महिने झाले. जेवण तेच, युनिट तेच, तरी शुगर कधी ११०, कधी २४०. इंजेक्शनच्या जागी मऊ गाठ आलीय, तिथे दुखत नाही म्हणून तिथेच टोचतो.

उत्तर : उत्तर त्या गाठीतच आहे. एकाच जागी वारंवार टोचल्याने कातडीखाली चरबी जमते. तिथे दुखत नाही खरं, पण तिथून इन्सुलिन कधी उशिरा, कधी एकदम रक्तात उतरतं. ती जागा काही महिने सोडून द्या. नवीन ठिकाणी प्रत्येक वेळी बोटभर अंतर सोडून टोचा आणि सुई दरवेळी नवीन घ्या. पेनमधून आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का पाहा, टोचल्यावर मनात दहा मोजून मगच सुई काढा. चांगल्या जागेवर तेच युनिट जास्त लागू पडतात, त्यामुळे शुगर एकदम उतरू शकते. तेव्हा डोस किती घटवायचा ते डॉक्टरांना आधी विचारा.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करता ना? फळ सोललेल्या बोटावरची साखरही आकडा खोटा वाढवते.

प्रश्न : वय ३१, अंगाने बारीक. टाइप २ सांगून गोळ्या सुरू केल्या. वर्ष झालं, गोळ्या वाढल्या, तरी एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ९.४ आणि वजन घटतंय.

उत्तर : गॅड अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटली आहे का ते दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी) या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. प्रौढ वयात सावकाश येणारा टाइप १ सुरुवातीला टाइप २ सारखाच दिसतो. गोळ्या स्वतःहून सोडू नका. पण लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल, तर मळमळ किंवा धाप लागल्यावर मीटरवर शुगर १६० दिसली तरी कीटोन तपासा. या गोळीवर शुगर फारशी न वाढताही कीटोन चढू शकतात.