काचबिंदू डोळ्याचा, मग एमआरआय मेंदूचा कशाला?

प्रश्न: डॉक्टर, बाबांना काचबिंदू आहे, रोज ड्रॉप्स घालतात, डोळ्याचं प्रेशर १४-१५ च्या आसपास असतं. परवा त्यांनी कुठंतरी वाचलं की काचबिंदूत मेंदूपण खराब होतो आणि एमआरआयमध्ये ते दिसतं. तेव्हापासून एकच धोशा, मेंदूचा फोटो काढूया. काढायचा का?

उत्तर: बाबांनी वाचलंय ते खोटं नाही, पण फोटो काढून त्यांच्या हाती फारसं काही लागणार नाही.

असं बघा, ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, ही रेटिनातल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या) गँग्लियन पेशींच्या साधारण १० ते १२ लाख तंतूंची जुडी. त्यातले बहुतेक तंतू थॅलॅमसमधल्या (मेंदूच्या आतल्या एका भागातल्या) एलजीएन नावाच्या इवल्याशा भागापर्यंत जातात, आणि तिथून दुसऱ्या पेशी तो सिग्नल डोक्याच्या मागच्या बाजूला, व्हिज्युअल कॉर्टेक्सपर्यंत, म्हणजे मेंदूच्या बघण्याच्या भागापर्यंत नेतात. काचबिंदूत मरते ती पहिली पेशी, पण मग पुढच्या पेशीला सिग्नलच येईनासा होतो आणि हळूहळू तीपण सुकायला लागते. म्हणून काचबिंदूवाल्यांचा एलजीएन स्कॅनमध्ये सरासरीने लहान भरतो. डीटीआय म्हणून एमआरआयचाच एक प्रकार आहे, त्यात तंतूंच्या आतबाहेर पाणी कुठल्या दिशेने सरकतंय ते मोजतात, तंतू झिजले की ती दिशा विस्कटते.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते फंक्शनल एमआरआय. पेशंटला मशीनमध्ये झोपवून समोर लुकलुकणारा काळापांढरा चौकटींचा पट दाखवतात आणि कॉर्टेक्सचा कुठला भाग जागा होतो ते बघतात. नजरेच्या वरच्या भागात काळा डाग असेल तर कॉर्टेक्समधल्या एका खाचेच्या खालच्या काठावर प्रतिसाद मंद दिसतो, कारण मेंदूत नजरेचा नकाशा उलटा असतो! म्हणजे पेरिमेट्रीच्या (नजरेचा घेर तपासणाऱ्या टेस्टच्या) कागदावरचा डाग मेंदूतपण सापडतो.

पण हे सगळं ग्रुपच्या सरासरीचं गणित आहे हो. वयानुसारही हे भाग आकसतात, त्यामुळे एकट्या बाबांचा स्कॅन बघून काचबिंदू किती वाढलाय ते कुणी सांगू शकणार नाही, आणि ड्रॉप्सही त्यावरून बदलणार नाहीत. डॉक्टर एमआरआय सांगतात ते वेगळ्या शंकेसाठी, म्हणजे डोळ्यात दिसणारा नर्व्हच्या तोंडाचा खड्डा लहान पण नर्व्ह फिकी जास्त, किंवा नजर उभ्या रेषेवर सरळ कापल्यासारखी गेलीय, किंवा रंग अचानक फिके दिसायला लागलेत, तर पिट्युटरीची (मेंदूखालच्या एका ग्रंथीची) गाठ वगैरे काही नर्व्हला दाबत नाही ना ते बघायला.

आणि प्रेशर १५ आहे म्हणून निवांत राहू नका, नॉर्मल प्रेशरमध्येही काचबिंदू वाढू शकतो. पेरिमेट्री आणि ओसीटी (नर्व्हच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारा डोळ्याचा स्कॅन) डॉक्टर सांगतील तेव्हा करा, जाताना जुने रिपोर्ट सगळे सोबत न्या, नुसता नवीन एकटा बघून फरक कळत नाही.