नवीन सिम घेतलंय ना काका, मग हे आधी करा

लोनवाल्यांचे फोन येणारच, त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नाही. आधी जाहिरातींचे फोन-मेसेज बंद करायला १९०९ ला एसएमएस टाका, इंग्रजी कॅपिटलमध्ये स्टार्ट लिहायचं, मग स्पेस, मग शून्य, झालं. बँकेचे ओटीपी तरीही येतात, त्याची काळजी नको. पण लगेच शांतता होईल असं समजू नका, आणि मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनवर नंबर लिहून आलात तर मग बोंबलून उपयोग नाही.

तरीही कोणी छळलंच तर तक्रार करायची, १९०९ लाच किंवा ट्रायच्या, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, डीएनडी अॅपवरून, फोन किंवा मेसेज आल्यापासून ७ दिवसांच्या आत. लोक काय करतात, रागारागात मेसेज डिलीट करतात आणि मग तक्रारीत लिहायला ना नंबर राहतो ना तारीख!

मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन इंग्रजी P असेल तर ती जाहिरात, G असेल तर सरकारी. आता "आज रात्री ९ ला लाईट कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला तर तो महावितरणचा कसा असेल, सांगा बरं? सरळ संचार साथी या सरकारी पोर्टलवर, फसवे फोन-मेसेज कळवायच्या 'चक्षू'वर टाका.

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली आणि फाईलच्या नावाशेवटी एपीके (.apk) दिसलं, तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये घुसणारं अॅप असतं, भाच्याकडून आलेली असली तरी उघडू नका, आधी त्याला फोन करा, बहुतेक त्याचाच फोन हॅक झालेला असतो.

आणि पैसे गेलेच तर १९०९ वगैरे सोडा, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन करा.